बरगे घातल्यानंतरची नदी

पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की कोल्हापूर जिल्ह्यातल्या नद्यांवर एक काम निघतं, बरगे घालायचं. दगडी खांबांच्या खाचांत लोखंडी बरगे एकावर एक बसत जातात, फटींतून थोडं पाणी झिरपत राहतं आणि बघता बघता बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी काठाला लागतं. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावानं ही रचना पुढे महाराष्ट्रभर गेली. मुरगूडजवळ वेदगंगेवर कुरणीचा बंधारा आहे, त्याच्या खाली-वर आणखी आहेत. या काठचा ऊस त्यांच्या जिवावर उभा आहे, त्यामुळे बंधाऱ्यांबद्दल कुरकुर करायचं काही कारण नाही. पण सांडपाण्याविषयी बोलायचं तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. बरगे घातल्यापासून ते पावसाच्या तोंडावर काढेपर्यंत, म्हणजे वर्षातले सात-आठ महिने, वेदगंगा ही वाहती नदी नसतेच. ती एकापुढे एक मांडलेल्या तळ्यांची माळ असते. वर पाटगावच्या धरणातून पाणी सोडलं की तेवढ्यापुरती हलते आणि पुन्हा थांबते.

वाहत्या पाण्याला विटाळ नाही, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आणि गटारं नदीकडे वळवली गेली. म्हणणं तसं खोटं नव्हतं. नदीला स्वतःला साफ करून घ्यायची ताकद असते, फक्त त्यासाठी तिला वाहायला लागतं. साचलेल्या पाण्याला हा नियम लावला की हिशोब चुकतो, आणि तो किती चुकतो हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे.

दहा हजार वस्तीचं गाव धरू. मुरगूडसारख्या लहान नगरपरिषदेला हे माप फार सैल होणार नाही. आपल्याकडच्या सरकारी मापदंडाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात. म्हणजे दहा हजारांच्या गावातून रोज सुमारे ११ लाख लिटर, अभियंत्यांच्या भाषेत १.१ एमएलडी. हे पाणी दिसायला काळं, वासाला वाईट. पण त्याचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग साधं पाणीच असतो. उरलेल्या चिमूटभरात सगळी गोम आहे. अन्नाचे कण, साबण, तेल, मैला, मूत्र. नदीतले जिवाणू या चिमटीवर तुटून पडतात आणि ती पचवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. एका लिटरमधली घाण पचवायला किती प्राणवायू लागतो, ते माप म्हणजे बीओडी. कच्च्या घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम असते. आणि चांगल्या नदीच्या पाण्यात, उन्हाळ्यात, एका लिटरमध्ये प्राणवायू असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम.

म्हणजे गटारातला एक तांब्या नदीतल्या तीस तांब्यांचा श्वास पुरता संपवतो. ११ लाख लिटरला तीसनं गुणलं तर सव्वातीन कोटी लिटर होतात, आणि हा एका दिवसाचा खर्च झाला. वाऱ्यानं, लाटांनी हवेतून आणि शेवाळामुळे थोडा प्राणवायू परत मिळतो, पण थांबलेल्या पाण्यात तो सावकाश मिळतो. चार मिलिग्रॅमच्या खाली आलं की मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. आता हेच सांडपाणी नीट शुद्ध करून बीओडी दहावर आणून सोडलं, तर एक तांब्या सव्वा तांब्याचा श्वास घेईल. तीस आणि सव्वा या दोन आकड्यांमधलं अंतर तोडणं, एवढंच सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं काम. बाकी टाक्या, पंप, पाईप, उद्‌घाटनाची कोनशिला हा सगळा त्याचा सरंजाम.

हे अंतर न तोडल्यानं काय होतं ते बघायला मुरगूडकरांना लांब जायला नको. निढोरीवरून कोल्हापूरची एसटी धरायची, बास. जयंती नाला आता सगळ्यांना नाला म्हणूनच माहीत आहे. करवीर माहात्म्यात जयंती आणि गोमती या नद्या आहेत. जयंतीचं लिंग कधी बदललं, नदीचा तो नाला कधी झाला, याची तारीख कुठल्या दप्तरात सापडायची नाही. पण शहर वाढलं तसं ते घडलं. कोल्हापूरचं बहुतेक सांडपाणी या आणि दुधाळीच्या नाल्यातून पंचगंगेत जात असे. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं केंद्र उभं राहिलं, पुढे दुधाळीला १७ एमएलडीचं. नाल्याच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवायचं, पंपानं उचलून केंद्रात न्यायचं, अशी ही व्यवस्था. ती चालते तेव्हा चालते. पंप बंद पडला, वीज गेली किंवा पाऊस जोराचा झाला की पाणी बांधावरून उडी मारतं आणि आपल्या जुन्या वाटेनं नदीला जातं. शिवाय लहानसहान ओढे आहेत, ज्यांना बांधच नाही. नाला अडवून शुद्ध करणं हा मुळात नाइलाजाचा उपाय. घरोघरचं सांडपाणी भुयारी गटारात घेतलेलं नसतं म्हणून उघड्या नाल्यालाच गटार मानायचं. त्यात पावसाचं पाणी, कचरा, वाळू सगळं येतं आणि केंद्रातल्या जिवाणूंना कधी अजीर्ण होतं, कधी उपास घडतो.

खाली इचलकरंजी. यंत्रमागांचं शहर, कापड रंगवणारं, धुणारं. तिथला काळा ओढा नावाप्रमाणेच वागतो. तिथेही २० एमएलडीचं सांडपाणी केंद्र आहे, प्रोसेसर्सच्या पाण्यासाठी १२ एमएलडीचं सामूहिक केंद्र आहे. आणि तरीही त्याच्या खाली शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात जलपर्णीची गादी, फेस आणि मेलेल्या माशांचा खच हे चित्र वर्तमानपत्रांना पाठ झालं आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं पाहणी केली, आराखडे झाले. ही नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. दत्ताच्या पायऱ्यांवर हातात अर्घ्य घेऊन उभा असलेला भाविक कोणत्या पाण्यात उभा आहे, हा प्रश्न वाडीत कुणी मोठ्यानं विचारत नाही.

पण पंचगंगेच्या कथेचा खरा धडा शुद्धीकरणात नाही, पाणीपुरवठ्यात आहे असं मला वाटतं. नदी नासली की शहर काय करतं? नदी सुधारायच्या नादी फार लागत नाही. दुसरी नदी शोधतं. कोल्हापूरनं दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून पन्नासहून जास्त किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकली. दशकभर रखडत ती २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचली. अभ्यंगस्नानाला धरणाचं पाणी मिळालं म्हणून शहरानं आनंद केला, तो रास्तच होता. इचलकरंजीनं आधी कृष्णा बघितली, मग वारणा, तिथं दानोळी गावानं रस्ता अडवला. मग दूधगंगा, कागल तालुक्यातल्या सुळकूडहून. त्यावर कागल तालुक्यात आणि दूधगंगेच्या काठावर केवढा रोष झाला तो अजून ताजा आहे. मोर्चे निघाले, पाण्याचा थेंब देणार नाही म्हणून सांगितलं गेलं. तुम्ही तुमची पंचगंगा नासवली, आता आमच्यावर आलात, हा त्या विरोधाचा गाभा होता आणि तो चुकीचा होता असं कोण म्हणेल?

फक्त हा युक्तिवाद दुधारी आहे. वेदगंगा पुढे दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. वेदगंगा यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाखालून जाते तेव्हा ती कर्नाटकात असते, निपाणी भागात. तिथली माणसंही मराठीच बोलतात आणि आपल्यालाही वरच्यांचं काहीबाही प्यावं लागतं असं त्यांनाही वाटू शकतं. कुणाच्या तरी वरच्या अंगाला आपण असतोच. पंचगंगेकडे बोट दाखवायचं तर आपल्या गल्लीतलं गटार कुठे जातं ते आधी ठाऊक असलेलं बरं.

सांडपाणी शुद्ध करायची ही विद्या कुठून आली, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ती जितकी साधी तितकीच नाजूक आहे. १९१४ साली मँचेस्टरजवळच्या डेव्हिहल्म इथं एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघं बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यातून हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाचेक आठवडे लागले. मग त्यांनी एक गोष्ट केली. तळाशी बसलेला गाळ टाकून न देता तसाच ठेवला, वर नवं सांडपाणी ओतलं. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. गाळ म्हणजे घाण नव्हती, ते कामगार होते. विरजणासारखंच हे. जुन्या दह्याचा चमचा ठेवला म्हणून नवं दूध लागतं. या प्रयोगामागची प्रेरणा ज्यांची, ते गिल्बर्ट फाउलर पुढे बेंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकवायला आले, म्हणजे ही कल्पना भारतात यायला फार वेळ लागला नाही. त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावल्याची नोंद जगभरच्या पुस्तकांत सापडते. नागपूरची नीरी १९५८ पासून याच प्रांतात काम करते आहे. तेव्हा ज्ञान आपल्याकडे नव्हतं ही सबब चालायची नाही.

एखाद्या प्रक्रिया केंद्रावर सकाळी जावं. आधी जाळी दिसते. आपण काय खातो, काय लपवतो आणि काय फेकतो ते सगळं त्या जाळीवर अडकलेलं असतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, देवाची फुलं, सॅनिटरी पॅड, कधी एखादी चप्पल. जाळीच्या पुढे वाळू खाली बसते. मग मोठी टाकी, तिच्या तळातून ब्लोअर हवा सोडतो आणि पाणी भात रटरटावा तसं उकळल्यासारखं दिसतं. ते पाणी चहाच्या रंगाचं झालं पाहिजे, दाट तपकिरी. काळं दिसलं तर हवा कमी पडते आहे. वर पांढरा साबणी फेस असेल तर जिवाणू अजून बाळसं धरत आहेत. जाणता ऑपरेटर उपकरणांच्या आधी नाकावर विश्वास ठेवतो. टाकी नीट चालत असली की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, सडक्या अंड्याचा नाही. मग तो काचेच्या एक लिटरच्या नळकांड्यात ते पाणी भरतो, कट्ट्यावर ठेवतो आणि घड्याळ बघतो. अर्ध्या तासानं गाळ किती खाली बसला, त्याची रेघ आखलेल्या आकड्यांवर वाचायची. गाळ घट्ट बसून वर नितळ पाणी आलं तर केंद्राची तब्येत ठीक. बसलाच नाही, कापसासारखा तरंगत राहिला, तर काहीतरी बिघडलं. एवढी स्वस्त चाचणी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नसेल. पण रोज करायची असते, आणि वहीत खरा आकडा लिहायचा असतो. कुठल्याशा लहान शहराच्या केंद्रावर मी ही वही चाळली होती. सलग अडीच महिने एकच आकडा होता, एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेला.

कायद्याचं बघावं तर महाराष्ट्र पुढेच होता. जलप्रदूषणावरचा राज्याचा कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं. केंद्राचा कायदा आला १९७४ ला आणि राज्यानं तो १९८१ मध्ये स्वीकारला. म्हणजे या बाबतीत आपण दिल्लीच्या चार-पाच वर्षं पुढे होतो. आणि २०१८ मध्ये केंद्रीय मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे महाराष्ट्राचे निघाले, सगळ्यांत जास्त. आमच्याकडे तपासणीची ठिकाणंच जास्त आहेत म्हणून आकडा मोठा दिसतो, असं त्यावर सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. जो ताप मोजतो त्यालाच ताप दिसतो. पण सांडपाण्याचा हिशोब तरी सरळ आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या मोजदादीप्रमाणे राज्यातल्या शहरांतून रोज ९,१०७ एमएलडी सांडपाणी निघतं, ६,८९० एमएलडीची केंद्रं उभारलेली आहेत आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं ४,२४२ एमएलडी. या तीन आकड्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्यामधलं अंतर मला जास्त बोचतं. बांधलेल्या केंद्रांच्या ताकदीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसता बसून आहे. पैसे खर्च झाले, टाक्या उभ्या राहिल्या, पण पाणी तिथवर पोचलं नाही किंवा यंत्रं फिरली नाहीत.

न्यायालयांनी आपल्या परीनं रेटा दिला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना तीन वर्षांत सांडपाणी केंद्रं उभी करायला सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादानं एप्रिल २०१९ मध्ये बीओडीची मर्यादा १० वर आणली. त्याआधीच्या केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत लहान-मध्यम शहरांना ती ३० होती. सप्टेंबर २०२२ मध्ये कचरा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थापनातल्या कसुरीबद्दल लवादानं महाराष्ट्राला १२ हजार कोटींची भरपाई ठोठावली. आकडा एवढा मोठा की कुणाच्याच खिशाला तो स्वतःचा वाटला नाही. पुण्याची मुळा-मुठा योजना जपानच्या मदतीनं २०१६ मध्ये मंजूर झाली, ११ केंद्रं, ३९६ एमएलडी, आणि निविदांच्याच फेऱ्यांत वर्षं गेली. मोठ्या शहरांच्या या कहाण्या सांगण्यात मला आता फारसा रस उरलेला नाही. लहान गावांचं काय, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे, कारण तिथं अजून डाव हातात आहे.

बरीच वर्षं लहान नगरपरिषदा या योजनांच्या हिशोबात नव्हत्याच. २०१५ च्या 'अमृत' योजनेत पाचशे शहरं होती, मुख्यतः लाखाच्या वरची. १ ऑक्टोबर २०२१ ला 'अमृत'चा आणि 'स्वच्छ भारत'चा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा दार किलकिलं झालं. 'अमृत' सगळ्या नगरपालिकांना खुली झाली आणि 'स्वच्छ भारत'मध्ये लाखाच्या आतल्या शहरांच्या सांडपाण्यासाठी पैसा आला. पैसा येतो म्हटल्यावर आराखडे येतात आणि आराखडे करणारे सल्लागार मोठ्या शहराचंच माप लहानाला लावतात. सगळ्या गल्ल्या उकरायच्या, भुयारी गटार टाकायचं, शेवटी नदीकाठी केंद्र. पण गटाराच्या जाळ्याचा खर्च केंद्राच्या कितीतरी पट असतो आणि जाळं झालं तरी घराचं पाणी त्याला जोडायचं काम घरमालकाचं. अंगणातली फरशी फोडायची, आपल्या खिशातून पाईप टाकायचा, तेही सगळं ठीक चाललेलं असताना. कोण करतो? असं झालं की केंद्र तयार असतं आणि त्याच्या तोंडाशी पाणी नसतं. वर सांगितलेल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यांतला बराचसा फरक इथे मुरलेला आहे.

लहान गावात मैला बहुतेक सेप्टिक टँकमध्ये जातो. गटारात वाहतं ते न्हाणी-मोरीचं पाणी आणि टँकवरून सांडलेलं पाणी. आता, "आमची टाकी बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही," हे वाक्य आपल्याकडे अभिमानानं सांगतात. त्याचा अर्थ इतकाच की टाकी गाळानं केव्हाच भरली आहे आणि आत आलेलं जसंच्या तसं बाहेर पडतं आहे. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. साताऱ्याच्या वाईनं हे मनावर घेतलं. कृष्णेकाठचं हे घाटांचं गाव. तिथं नगरपरिषदेनं अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं २०१८ पासून टाक्या पाळीपाळीनं उपसायला सुरुवात केली. तक्रार यायची वाट बघायची नाही. वॉर्डाप्रमाणे वेळापत्रक, तीन वर्षांत सगळं गाव. उपसलेला मैला पूर्वी गाडीवाला सोयीच्या ओढ्यात सोडून मोकळा व्हायचा; आता त्यासाठी रोज ७० हजार लिटरचं वेगळं केंद्र आहे. नाशिकजवळच्या सिन्नरनंही हाच रस्ता धरला. गल्ल्या न उकरता सगळ्यांत विषारी भाग आधी वेगळा काढायचा, असं हे गणित आहे आणि मला ते लहान गावाच्या कुवतीला धरून वाटतं. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे हेही इथेच नोंदवावं. गाडीचं नळकांडं असताना माणूस उतरतो तो गाडी वेळेवर येत नाही म्हणून.

मोरीचं पाणी मात्र उरतंच, आणि ते गोळा करून कुठे न्यायचं हा जागेचा प्रश्न आहे. उताराचा कौल एकच, गावाचा सगळ्यांत सखल कोपरा, नदीलगत. तिथं पाणी आपोआप येतं, पंप लागत नाही. पण पूररेषा उलटं सांगते. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितला त्यांना निळी रेषा, लाल रेषा नकाशावरून शिकवायला नको. मुरगूड-निढोरी रस्त्यावर पाणी आलं की गाव अर्धं तुटतं. नदीकाठी खाली बांधलेलं केंद्र पुरात गेलं तर मोटारी, पॅनेल, ब्लोअर सगळं चिखलात, आणि दुरुस्तीच्या मंजुरीला पुढचा पावसाळा उजाडायचा. वर उचलून बांधावं तर रोजचं पाणी पंपानं चढवायचं. चढावाच्या प्रत्येक मीटरला वीज लागते, तीही वर्षानुवर्षं.

वीज हा या धंद्यातला खरा मुकादम. हवा सोडणाऱ्या पद्धतीत निम्म्याहून जास्त वीज नुसती हवा भरण्यात जाते. एक एमएलडीला रोज दीडशे-दोनशे युनिट, यंत्राप्रमाणे कमीजास्त. भांडवलाला केंद्र पैसे देतं, राज्य देतं. लाईटबिल मात्र नगरपरिषदेनंच भरायचं असतं. पथदिव्यांचं बिल थकलं तर गाव आरडाओरड करतं, सांडपाणी केंद्राचा ब्लोअर बंद राहिला तर कुणालाही कळत नाही. नगरसेवकाला मत जातं ते दिव्यावर. जिवाणू मात्र थांबत नाहीत. चार-सहा तास हवा नाही मिळाली की टाकी आंबायला लागते आणि वीज आल्यावर पुन्हा घडी बसायला दिवस जातात. म्हणून वीज कमी खाणाऱ्या पद्धती लहान गावाला जास्त मानवतात. तळ्यांची पद्धत आहे. पाणी उथळ तळ्यांतून आठ-पंधरा दिवस फिरवायचं, काम ऊन आणि शेवाळ करतं, वीज जवळजवळ शून्य. पण एमएलडीला हेक्टर-दीड हेक्टर जागा हवी, आणि वेदगंगेच्या काठच्या उसाच्या रानाचा भाव ज्याला ठाऊक आहे तो हसेल. नीरीची 'फायटोरिड' पद्धत मधली आहे. खडीच्या वाफ्यांत कर्दळ, बोरूसारख्या वनस्पती, त्यांच्या मुळांतून पाणी सावकाश झिरपवायचं. जागा तळ्याहून खूप कमी, यंत्रं जवळजवळ नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात ती चालवून दाखवली आहे. मात्र तिलाही माळी लागतो. खडी बुजली की पाणी वरून वाहतं. 'देखभाल लागत नाही' म्हणून कुणी काही विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

शुद्ध झालेल्या पाण्याला गिऱ्हाईक असेल तर केंद्र चालू राहतं, हे नागपूरनं दाखवलं. भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, आणि पाणी थांबलं तर वीजकेंद्र विचारायला येतं. मुरगूडच्या बाजूला वीजकेंद्र नाही, पण ऊस आहे. उन्हाळ्यात पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं तेव्हा मोटारी गप्प होतात आणि उसाला पाळी चुकते. रोज ११ लाख लिटर, नत्र-स्फुरदासकट, बारमाही, ही त्या दिवसांत छोटी गोष्ट नाही. शेतकऱ्याला पाणी लागलं की ब्लोअर बंद पडल्याची तक्रार प्रदूषण मंडळाच्या आधी शेतकरी करेल. सांडपाणी केंद्रावर अशी नजर ठेवणारा माणूस सरकारी पगारावर मिळत नाही. रोगजंतूंचं भान मात्र ठेवायला हवं. उसाला हे पाणी चालेल, मेथी-कोथिंबिरीला चालणार नाही.

मुरगूडकरांच्या हातात आणखी एक पाणी आहे, नदीहून नाजूक. सर पिराजीराव तलाव. कागलच्या पिराजीराव घाटग्यांच्या नावानं ओळखला जाणारा हा तलाव भरला की मुरगूडला आणि शेजारच्या शिंदेवाडी-यमगेला हायसं वाटतं. तलावाला बंधाऱ्याएवढीसुद्धा सूट नसते. त्यातली घाण पावसाळ्यात धुऊन जात नाही. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. आजूबाजूच्या वसाहतींचं सांडपाणी ओढ्यातून आत येत राहिलं आणि पाणी हिरवंगार झालं, रंग दिल्यासारखं. ते हिरवेपण म्हणजे निळसर-हिरवं शेवाळ, नत्र आणि स्फुरदावर पोसलेलं. इथे बीओडी दहावर आणूनही भागत नाही, कारण घाण पचली तरी स्फुरद पाण्यातच राहतो आणि तलावाला तोच पुरतो. म्हणून तलावाच्या पाणलोटात घरं वाढायला लागली की त्या घरांचं पाणी शुद्ध करून तलावात सोडू, हा विचारच सोडून द्यावा. ते वळवून तलावाच्या खालच्या अंगाला काढायचं. आज हे एका चरीचं काम आहे. पन्नास घरं उभी राहिल्यावर ते कोट्यवधींचं होतं.

नदीची तब्येत कळायला मोठी यंत्रणा लागते, हाही गैरसमज आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाच्या कसोट्या मोजक्या आहेत. बीओडी तीन किंवा कमी, प्राणवायू पाच किंवा जास्त, आणि मैल्यातले जंतू १०० मिलिलिटरमध्ये फार तर २,५००. यातला प्राणवायू मोजायची रीत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये सांगितली आणि गावातल्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेतही ती होते. वर्षातून दोनदा, एकदा बरगे घातल्यावर आणि एकदा मे महिन्यात काढायच्या आधी, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचं पाणी घ्यावं. काचेची घट्ट बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. काठावरच त्यात मँगनीज सल्फेटचे दोन मिलिलिटर सोडायचे, मग अल्कली आयोडाइडचे दोन, बूच लावून बाटली चार-पाचदा उलटीसुलटी करायची आणि बंधाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवायची. पाण्यात प्राणवायू असला तर साका तपकिरी बसतो, जितका जास्त तितका गडद. नसला तर पांढरा.